नवरीचा आकडा

टप्.

डब्याचं झाकण कितीही जपून उघडा, शेवटच्या क्षणी ते बोलतंच. रविवारची दुपार होती. सासूबाई झोपल्या होत्या, भिंगरी झोपली होती, वीज गेल्यामुळे पंखाही गप्प होता. त्या शांततेत ते एवढंसं 'टप्' असं काही वाजलं की चोरी पकडली गेल्यासारखा तिनं हात मागे घेतला.

सासूबाई हलल्या नाहीत. भिंगरीनं मात्र कूस बदलली. डोळे मिटलेलेच, पण उजवा हात आपोआप भिंतीकडे गेला आणि बोटाचं टोक गिलाव्यावरच्या खडबडीत जागी फिरू लागलं. हळू, गोल गोल. थोडा चुना अंथरुणावर सांडला आणि पोर पुन्हा झोपेत बुडाली.

भिंतीचा तो कोपरा तिनं असाच कोरून काढला होता. "अगं, घर पाडशील का एक दिवस!" सासूबाई रोज ओरडायच्या. पण हे खूळ कुठून आलं ते त्यांनाही ठाऊक होतं, त्यामुळे ओरडण्यात जोर नसायचा. भिंगरीचे बाबा तिला छातीवर घेऊन निजवायचे. त्यांच्या दोन्ही गालांवर तारुण्यातल्या पुटकुळ्यांनी मागे ठेवलेले खड्डे होते, चांगले खोल. पोर त्यांवरून बोट फिरवत मोजायची. मोजता कुठे येत होतं! एक खड्डा, दोन खड्डा, पाच खड्डा, आणि पाचाच्या पुढे जायच्या आत झोप. बाबा गेले तेव्हा ती धड अडीच वर्षांचीही नव्हती. आता साडेचार. चेहरा तिच्या डोक्यातून गेला होता, बोटातून गेला नव्हता.

घरात फोटो नव्हते असं नाही. पण नवरा पडला लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारा. मित्र त्याला फोकसराव म्हणायचे. दुसऱ्यांची तोंडं टिपता टिपता स्वतःचं टिपायचं राहूनच गेलेलं. जे चार फोटो होते ते स्टुडिओवाल्या दोस्तानं काढलेले, आणि त्या भल्या माणसानं दोस्तीखातर एकूण एक खड्डा ब्रशनं बुजवून टाकला होता. भिंतीवरच्या फोटोत एक गुळगुळीत, कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीतला वाटावा असा गृहस्थ बसला होता. भिंगरीला विचारलं, "हे कोण?" तर ती म्हणायची, "फोटोतले बाबा." म्हणजे खरे बाबा वेगळे, हे तिनं मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं.

खरे बाबा या डब्यात होते. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, छोट्या कॅमेऱ्याची कॅसेट. वर त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं: 'टेस्ट. पुसू नये.'

दोन वर्षांत तिनं डबा उघडला नव्हता. धीरच झाला नव्हता. आज उघडला, कॅसेट खिडकीशी धरली. आतल्या पट्टीच्या कडेला पिठाची बोटं पुसावीत तसे पांढरे ठिपके होते. ती स्वतः कॅसेटच्याच दुकानात कामाला. बुरशी म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

*

दुकान लांबट, बोळासारखं. पुढे काउंटर, मागे मशीन. लोक घरातल्या जुन्या कॅसेट आणायचे, लग्नं, साखरपुडे, पोरांचे पहिले वाढदिवस, आणि ती त्या डिस्कवर उतरवून द्यायची. नवरा गेल्यावर मालकांनी स्वतःहून बोलावून घेतलं होतं. "फोकसरावांचं घर आपलं घर," म्हणाले होते, आणि शब्द पाळला होता. गिऱ्हाइकं तिला कॅसेटताई म्हणायची. तिला त्याचं काही वाटत नसे. नावापेक्षा कामानं हाक मारलेली बरी, कुणी कीव करत नाही.

सोमवारी मालकांनी कॅसेटवर बॅटरीचा झोत मारला आणि ती दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली.

"कॅसेटताई, खोटं नाही सांगत. ही एकदाच चालेल. चालता चालता बुरशी पट्टीचा थर खरवडणार. चित्र एका बाजूनं डिस्कवर चढेल आणि दुसऱ्या बाजूनं पट्टी कोरी होत जाईल."

"एकदा चालेल ना?"

"एकदा. आज म्हणत असाल तर आज लावू. आपल्या साध्या डिस्कवर."

ती हो म्हणणारच होती. पण साधी डिस्क काय करते हे तिच्याएवढं कुणाला माहीत होतं? लांबून ठीक. तोंड जवळ आलं की गालावरची बारीकसारीक नक्षी जाऊन तिथे चौकोन चौकोन दिसायचे. खड्डे जाणार आणि ठोकळे येणार. मग त्या फोटोतल्या साबणवाल्यात आणि यात फरक काय राहिला?

"आणि ती नवीन डिस्क?" तिनं विचारलं.

मालकांचे डोळे चमकले. गेले पंधरा दिवस त्यांना दुसरा विषय नव्हता. नवी एचडी डिस्क येत होती. आकार तोच, पण आत पाचपट ऐवज मावणार. कंपनीचा माणूस येऊन दुकानाच्या काचेत एक मोठा टीव्ही लावून गेला होता आणि त्यावर दिवसभर एक म्हातारा हसत बसायचा. फक्त हसायचा. त्याच्या भुवईचा एकेक केस मोजून घ्यावा, नाकावरच्या घामाचा थेंब पुसायला हात पुढे करावा, असं चित्र. रस्त्यावरची माणसं थबकून बघत. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघा, तुम्हीही असेच दिसता जवळून, उगाच आरशाला दोष देऊ नका."

त्या म्हाताऱ्याच्या गालावर देवीचे वण होते. स्पष्ट. प्रत्येकाच्या आत सावली पडलेली. त्या दिवशी ती बस चुकेपर्यंत काचेपुढे उभी राहिली.

"पुढल्या महिन्यात मशीन येतंय," मालक म्हणाले. मग डोकं खाजवत, "पण ताई, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? कॅसेटमध्ये जेवढं आहे तेवढंच—"

"तेवढंच हवंय मला. त्यातलं जायला नको, एवढंच."

गिऱ्हाइकांना ती स्वतः हेच सांगायची, नव्या डिस्कनं जुनं चित्र नवं होत नाही म्हणून. पण दुसऱ्याला सांगताना माणूस शहाणा असतो.

"थांबते मी," ती म्हणाली.

*

पुढला महिना आला आणि मशीन न येता गेला. मग कळलं, दोन कंपन्यांनी दोन तऱ्हेच्या डिस्क काढल्यात आणि एकीची डिस्क दुसरीच्या मशीनमध्ये चालत नाही. मालकांनी हात आखडता घेतला. "हत्तींची झुंज चाललीय. कोण पडतो ते बघू, मग उभ्या राहिलेल्यावर बसू." गमतीनंच म्हणाले. तिलाही हसावं लागलं.

घरी तिनं चपलांच्या खोक्यांतून निघणाऱ्या, ओल शोषणाऱ्या पुड्या जमवून डब्यात कोंबल्या. दर रविवारी दुपारी डबा उघडायचा, कॅसेट उजेडाशी धरायची. ठिपक्यांची रेघ झाली. रेघेची झालर झाली.

सासूबाईंनी एकदा झोपेचं सोंग सोडलं.

"अगं, मिळते त्या डिस्कवर करून घे ना. धूसर का होईना, पोरीला बाप तर दिसेल."

"आई, एकदाच व्हायचंय. ते तरी नीट होऊ दे."

"नीट, नीट!" त्या उठून बसल्या. "तोही असाच. नीट शॉट हवा म्हणून चढला शिडीवर."

बोलून गेल्या आणि तोंडावर पदर घेतला. खोटं थोडंच होतं? लग्नाच्या हॉलमध्ये वरून सगळी माणसं एका चौकटीत घ्यायला तो शिडीवर चढला आणि शिडी गुळगुळीत फरशीवरून सरकली. कॅमेरा शाबूत राहिला. पडतानाही त्यानं तो छातीशी धरला होता, लेकराला धरावं तसा. कॅमेऱ्याला ओरखडाही नाही.

मग ती कॅसेट हातात घेऊन बसून राहायची. त्यात काय आहे हे तिला पाठ होतं, कारण ती चाळीस सेकंदं तिनंच टिपलेली. भिंगरी आठ महिन्यांची. नवा कॅमेरा घरी आलेला. "धर," तो म्हणाला, "आज तू कॅमेरामन." आणि स्वतः वहीचा कोरा कागद तोंडापुढे धरून उभा राहिला. शूटिंगवाले आधी कॅमेऱ्याला पांढरा कागद दाखवतात, म्हणजे त्या उजेडात पांढरं काय ते त्याला कळतं. "आधी खरं पांढरं शिकवायचं," तो कागदाआडून म्हणाला, "मग बाकीच्या रंगांबद्दल तो खोटं बोलत नाही." मग कागद हळूच खाली आला.

*

मशीन आलं ते पाचव्या महिन्यात. दोहोंपैकी एका कंपनीनं माघार घेतली होती.

काळं, चपटं, दिसायला साधंच. एका तोंडातून कॅसेट आत घ्यायची, मधल्या मध्ये चित्र स्वच्छ करायचं आणि थेट नव्या डिस्कवर लिहायचं. स्वच्छतेसाठी पुढे एक गोल बटण होतं, शून्य ते नऊ. शून्यावर जसं असेल तसं. आकडा वाढवाल तसं मशीन चित्रातले डाग, ठिपके, कचरा ओळखून काढून टाकायचं. पहिल्याच दिवशी एका नवरीच्या कॅसेटवर मालकांनी आकडे फिरवून पाहिले आणि नऊवर थांबले. नवरी अशी उजळली की तिची आई काउंटरवरच रडायला लागली.

"माझ्या लेकीचा हनुवटीवरचा तीळ मात्र दिसत नाही हो," डोळे पुसत ती म्हणाली.

"बाई, लोक डाग घालवायला दवाखान्यात खेटे घालतात. आम्ही घरबसल्या घालवतो!"

त्या दिवसापासून नऊ हा नवरीचा आकडा झाला. दुकानात येणाऱ्या दहा कॅसेटींत नऊ लग्नाच्या. कुणाचा धक्का लागून बटण फिरू नये म्हणून मालकांनी त्यावर काळी चिकटपट्टी मारून टाकली. आठवडाभरात ती पट्टी मशीनचाच भाग झाली. रोज समोर असलेली वस्तू पुढे पुढे दिसेनाशी होते.

शनिवारी तिनं कॅसेट आणली. सासूबाईंना डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून भिंगरीही बरोबर. जेवणाच्या सुट्टीत मालकांनी शटर अर्धं ओढलं आणि भिंगरीला काउंटरवर बसवलं.

"काय गं भिंगरे, सिनेमा बघणार?"

"सिनेमा नाही. बाबा बघणार," ती गंभीरपणे म्हणाली. आईनं तिला तसं सांगितलं होतं. नको होतं सांगायला.

तिनं कॅसेटचं झाकण उचललं, मऊ फडक्यानं पट्टीची दिसणारी कड पुसली. फडकं पांढरं झालं. कॅसेट आत गेली.

बुरशीची कॅसेट चालवण्याचा एक नियम असतो, आणि तो तिला नवऱ्यानंच शिकवला होता. चित्राकडे बघायचं नाही. बारीक खिडकीतून फिरणाऱ्या चाकांवर नजर ठेवायची, एक बोट थांबवायच्या बटणावर. पट्टी अडकली आणि पाव सेकंदात थांबवलं नाही, तर ती गुंडाळली जाऊन तुटते. शिवाय मशीनला जोडलेला पडदा म्हणजे पुढच्या काचेतला तो मोठा टीव्ही, त्याची पाठ तिच्याकडे. तिनं चाकांकडे डोळे लावले. पापणी लवू दिली नाही.

"सुरू," ती म्हणाली.

चाकं फिरली. आधी खरखर. मग त्याचा आवाज.

इतका जवळून आला की तिच्या बोटानं बटण दाबलंच असतं. 'धरलंस का नीट? हलू नकोस गं. हां. आधी खरं पांढरं शिकवायचं...' खिडकीत तपकिरी भुकटी जमू लागली. डावं चाक किंचित अडखळलं, पुन्हा चाललं. 'आता कागद खाली. घे माझं थोबाड. सगळे खड्डे आले पाहिजेत हं! मोजून नगरपालिकेला पाठवायचेत.' आणि त्याच्या हसण्यात मिसळलेलं तिचं तेव्हाचं हसू, आणि कुठून तरी आठ महिन्यांच्या भिंगरीचा हुंकार. मग करकर. मग पट्टी थांबली.

चाळीस सेकंदं. पुरती आली होती.

कॅसेट बाहेर निघाली ती भुकटीनं माखलेली. पट्टी काचेसारखी आरपार झाली होती, त्यावर आता काहीच नव्हतं. असू दे. डिस्क सुखरूप होती. तिनं मशीनच्या कडेला डोकं टेकलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला जोराची भूक लागली.

"झालं की हो ताई!" मालक टाळी वाजवत म्हणाले. ते दरवाजाशी, शटरवर टकटक करणाऱ्या गिऱ्हाइकाला परतवायला गेले होते. त्यांनीही पडदा पाहिला नव्हता.

तिनं सवयीनं फडकं घेतलं आणि मशीनवरची भुकटी पुसू लागली. झाकण पुसलं. कडा पुसल्या. पुढची बाजू पुसताना फडकं कशाला तरी अडलं. काळी चिकटपट्टी. तिचं एक टोक सुटलं होतं आणि खालून पांढरा आकडा दिसत होता.

हात तिथेच राहिला.

"मालक," ती म्हणाली. "आकडा."

मालक आले, वाकले, आणि सरळ झाले ते एकदम म्हातारे होऊन. "अरे देवा," एवढंच म्हणाले. मग सावरून, "नाही नाही, बघू तर. जुनी कॅसेट, कदाचित मशीननं सोडलंही असेल. बघितल्याशिवाय कशाला..."

"आई, लाव ना," भिंगरी काउंटरवर पाय आपटत होती. "आवाज आला बाबांचा. बाबा लाव."

नको म्हणायचं कसं? दोन वर्षं थांबलेल्या पोरीला आजचा दिवस थांब म्हणून सांगायला तोंडात शब्द हवा होता. तिनं डिस्क लावली. मालकांनी काचेतला मोठा टीव्ही आत वळवला आणि ती भिंगरीला कडेवर घेऊन त्याच्यापुढे आली.

आधी कागद. पांढराशुभ्र, असा की वहीच्या निळ्या रेघाही राहिल्या नव्हत्या. मग कागद खाली सरकला.

फोटोतला तो साबणवाला गृहस्थ उभा होता. आता हलत होता, हसत होता. गाल अंड्यासारखे. डोळ्यांकडेच्या सुरकुत्या गेल्या होत्या. हसला की ओठ तेवढे हलत, बाकीचा चेहरा मेणासारखा स्थिर राही. आणि त्या बाहुल्याच्या तोंडून त्याचा, अगदी त्याचाच आवाज म्हणत होता, 'सगळे खड्डे आले पाहिजेत हं!'

मालकांनी मान फिरवली. "स्वच्छ मात्र आलंय चित्र," ते काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, आणि जीभ चावली.

चित्र संपलं, आपोआप पहिल्यापासून सुरू झालं. कागद. चेहरा. हसू. भिंगरी कडेवरून घसरून खाली उतरली. टाचा उंचावून तिनं पडद्याला हात लावला. उजव्या हाताचं पहिलं बोट. ते तिनं त्या गालावर ठेवलं आणि हळूहळू फिरवलं, गोल गोल, भिंतीवर फिरवायची तसं. काच गार होती. बोट कुठेच अडलं नाही. तिनं दुसऱ्या गालावरही फिरवून पाहिलं. मग बोट काढून त्याचं टोक निरखलं, आणि तेच बोट फ्रॉकला पुसलं.

"हे फोटोतले," ती म्हणाली. रडली नाही. आई चुकून दुसरीच वस्तू घेऊन आली की समजुतीनं सांगावं, तसं म्हणाली.

टीव्हीवर पुन्हा कागद खाली येत होता. तिच्या हातात अजून ते फडकं होतं, तपकिरी भुकटीनं भरलेलं. मूठ इतकी घट्ट झाली होती की उघडेना.

भिंगरी आधी मशीनकडे गेली, वाकून त्याच्या फटीत पाहिलं. मग डबा हलवून पाहिला. आत ओल शोषणाऱ्या पुड्याच खुळखुळल्या. मग ती आईपुढे येऊन उभी राहिली आणि तिच्या मुठीकडे बघत म्हणाली,

"आई, खड्डेवाले बाबा कुठे ठेवलेस?"